आजारी वडिलांचं वाक्य

"मधली चार वर्षं काय करत होतात?" आत्यानं टेबलावर पेन आपटलं. समोर बघितलं नाही. नजर हातातल्या मोबाइलवर, कारण खरे मालक पण समोर बघत नाहीत असं तिचं म्हणणं.

समोरचा माणूस खुर्चीत सरकला. भिंतीवरच्या आरशातला तोच माणूस सरकला, मागच्या आरशातला पण सरकला.

"बोला की. मालक थांबणार नाही तुमच्यासाठी. बाहेर रांग लागलीय."

"वडील होते," तो म्हणाला.

"वडील सगळ्यांनाच असतात."

"तसं नाही ताई. त्यांना काही आठवायचंच नाही. रिटायर होऊन जमाना झाला होता, पण रोज सकाळी उठून, कपडे घालून, डबा घेऊन कामाला निघायचे. अडवलं की अंगावर यायचे. मग मी अडवायचं सोडलं. ते पुढे, मी मागे. पूल ओलांडून थेट त्या..."

"बास!" आत्यानं मोबाइल खाली ठेवला. "इथेच माती खाता तुम्ही. मालकाला काम मागताय का गोष्ट सांगताय? पूलबिल नको. पुढे नको. मी सांगते तेवढंच बोला. 'वडील आजारी होते. त्यांचं सगळं मी एकट्यानं केलं. आता मी पूर्ण वेळ मोकळा आहे.' म्हणा."

तो म्हणाला. पहिल्यांदा पाढे म्हटल्यासारखा. दुसऱ्यांदा जरा बरा. तिसऱ्यांदा त्यानं 'एकट्यानं' म्हणताना खाली बघितलं. तेवढ्यात दारातून टाळ्या.

केंद्राचा साहेब टाळ्या वाजवत होता. त्याला कशालाही टाळ्या वाजवायची सवय. चहा वेळेवर आला तरी टाळी. "वा! वाक्य काय आहे! हे सगळ्यांना द्या."

"सगळ्यांना?"

"ज्यांच्या कामात खंड आहे त्या सगळ्यांना."

ही जागा आधी जिम होती, म्हणून आरसे. रबराच्या गादीचा वास अजून जात नव्हता. जिम बुडाली, मालकानं जागा भाड्यानं दिली आणि तिथं रोजगार केंद्र आलं. त्याच्याही आधी हे सगळं सरकारी ऑफिसात चालायचं. लाकडी बाकं, गळका नळ, आणि हंगामी म्हणून घेतलेली आत्या, जी हंगाम संपायचं नाव घेत नव्हती. मग सरकारनं ठरवलं की लोकांना कामाला लावायचं काम आपण करायचं नाही, ते दुसऱ्यांना करायला द्यायचं. एका संस्थेला दिलं. संस्थेनं निम्मं एका कंपनीला दिलं. ऑफिस बंद झालं. दोन कपाटं, एक पंखा आणि आत्या एकाच टेम्पोतून इकडं आल्या. कपाटांवर नंबर होते, आत्यावर नव्हता, एवढाच फरक.

कंपनीचा हिशेब सरळ होता. माणूस कामाला लागला आणि तीन महिने टिकला, तर सरकार कंपनीला पैसे देणार. नाही टिकला तर नाही. त्यामुळे दारात पाऊल टाकलं की माणसाची जागा ठरायची. जो पटकन लागेल तो 'लगेच'. जो जरा ढकलावा लागेल तो 'नंतर'. आणि ज्याच्यासाठी घाम गाळावा लागेल तो 'बघू'. 'बघू'वाल्यांना दर पंधरा दिवसांनी बोलवायचं, खुर्चीत बसवायचं, मुलाखतीचा सराव करून घ्यायचा आणि घरी पाठवायचं. सराव आत्या घ्यायची. कंपनीनं तिला तेवढंच काम ठेवलं होतं: खोटी मालकीण. आणि ती इतकी खतरनाक मालकीण व्हायची की लोक म्हणायचे, खरे मालक परवडले.

आत्याचं एका जागी बूड टिकत नसे. खुर्ची फिरती होती, ती अर्धी इकडं, अर्धी तिकडं करत राहायची. सराव संपला की उठून खिडकीशी, खिडकीतून दाराशी, दारातून परत. घरी पण तेच. भाजी चिरता चिरता मध्येच उठून कुलूप बघून यायची. कुलूप कशाला बघतेस विचारलं तर म्हणायची, "ते आहे का बघते." भावाच्या घरात राहायची, पण भावावर बसून नाही खायची. घरातल्या पोरीनं शाळा सोडली तेव्हा सगळं घर तिच्यावर तुटून पडलं होतं. एकटी आत्या म्हणाली, "तिच्या पायात चाक आहे, तर फिरू दे तिला. तुम्ही खुर्च्या उबवून काय दिवे लावलेत?" अशा बाईसाठी माणूस जीव टाकेल. तिला कोणी नावं ठेवलेली ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तर तो समोरचा माणूस. केंद्रात त्याला सगळे कटिंगवाला म्हणायचे. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. हात शाबूत, म्हणजे कारागीर चांगला, हे आत्यानंच ठरवलेलं. पन्नाशीला टेकलेला, चार वर्षं घरी, दाखवायला कागदाचा कपटा नाही. दवाखान्यात नेलंच नव्हतं म्हाताऱ्याला, चालायला नेलं होतं. वडील गेले आणि तो केंद्रात आला. साहेबानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी वाक्य मोठ्या अक्षरात छापून आरशावर चिकटलं. समोर उभं राहिलं की आपलं तोंड दिसायचं आणि कपाळावर ते वाक्य. आत्याला त्यात बरं वाटलं, खोटं कशाला बोला. इतक्या वर्षांत तिचं काही भिंतीवर लागलं नव्हतं. कटिंगवाला आला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे माझं आहे ना, ताई?"

"आता सगळ्यांचं झालं. चांगलं होतं म्हणून घेतलं. राग आला का?"

"राग कसला," तो म्हणाला, आणि आरशाकडं पाठ करून बसला.

मग आठवडाभर त्या खोलीत सगळ्यांचे वडील आजारी. जो दारू सोडायच्या नादात दोन वर्षं घरी होता त्याचे. जो जेलात जाऊन आला होता त्याचे. एकाचे वडील तर खालीच दुकान चालवत होते, धडधाकट. सगळे खुर्चीत बसून खाली बघून 'एकट्यानं' म्हणायचे. आत्या ओरडायची, "खाली बघा, पण झोपू नका!"

त्यांच्यात एक टवाळ होता. तिशीचा, सतत पाय हलवणारा, कशातही जोक शोधणारा. याच्या आधी कुठेच टिकला नव्हता. कधी उशिरा जायचा, कधी मधूनच पळायचा, कारण विचारलं की दात काढायचा. त्याचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, हे काही खरं नाही. माझे वडील तर आधीपासूनच आजारी आहेत. मला जास्त मार्क पाहिजेत."

सगळी खोली हसली. आत्या पण हसली. "तुला मार्क नको, चाप पाहिजे. गप म्हण वाक्य."

त्यानं म्हटलं. सगळ्यांत वाईट म्हटलं.

तेवढ्यात खोके बनवणाऱ्या कारखान्यानं माणसं मागितली. पुठ्ठा कापायच्या मशीनवर एक, बाकी बांधणीला. साहेबानं टाळ्या वाजवल्या. 'लगेच'मधले कमी पडत होते म्हणून 'बघू'तल्या सात जणांना बसमध्ये घातलं. कटिंगवाला त्यात. जाताना त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आत्याला विचारलं, "तेवढंच बोलू ना?"

"तेवढंच. लांबण लावलीत तर बघा."

बस गेली आणि आत्याची येरझार सुरू झाली. मशीनवरची जागा म्हणजे त्याचंच काम. पुन्हा असं येणार नव्हतं, आणि त्यालाही दुसरा दरवाजा नव्हता. तिनं पंखा चालू केला, बंद केला. डबा उघडला, बंद केला. घरातली पोरगी डबा घेऊन आली होती, तिला म्हणाली, "तू जा, तू बघतेस म्हणून मला जास्त होतंय."

फोन आला. कारखान्यात माणसं घेणारी बाई.

"तुमच्याकडं साथ आलीय का हो?"

"कसली साथ?"

"सात जण आले. साती जणांचे वडील आजारी. साती जणांनी एकट्यानं केलं. साती जण एकट्यानं म्हणताना खाली बघतात. तिसऱ्याला मी सहानुभूती दाखवली. पाचव्याला मला हसू आवरेना. सातव्याला मी म्हटलं, थांबा, तुमचं मीच म्हणते."

"सातवा कोण होता?" आत्यानं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"तो पुठ्ठा कापणारा. हात चांगला वाटला, खरंतर घेणार होते. पण खोटं बोलणाऱ्याला ब्लेडवर उभं करत नाही मी."

बस परत आली. सहा जण खिदळत उतरले, चिडून खिदळतात तसे. टवाळ म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी निदान कोणाची तरी आई आजारी पाडा." कटिंगवाला शेवटी उतरला.

"मी काय म्हणणार होतो ते तीच बोलली," तो म्हणाला. "शब्द न् शब्द. वर हसली. तिचं काय चुकलं? मी पण हसलो असतो." मग जरा थांबून, "माझे वडील तुम्ही सगळ्यांना वाटलेत, ताई. मला काही उरलंच नाही."

आत्याला कोणी असं बोललं तर ती दहा ऐकवते. त्या दिवशी ती त्याच्या मागं दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली.

साहेबानं मात्र तासाभरात मार्ग काढला. आरशावरचा कागद फाडला आणि साती जणांच्या नावापुढं 'खोटी माहिती दिली' असा शेरा मारायचं ठरवलं. तो शेरा लागला की वर्षभर कुठल्याच केंद्राच्या दारात उभं करत नाहीत, या कंपनीच्या नाही, दुसऱ्या कुणाच्याही नाही.

"वाक्य आपण दिलं होतं," आत्या म्हणाली.

"आपण सुचवलं होतं. सक्ती केली होती का?"

"भिंतीवर लावलं होतं की!"

"भिंतीवर तर अग्निशमनाचा नंबर पण आहे, कोणी लावतं का फोन?" साहेब म्हणाला. "ताई, पुढच्या महिन्यात आपलं काँट्रॅक्ट बघायला येणार आहेत. कारखान्याला कोणीतरी खोटं बोललं हे नक्की. ते आपण नाही, एवढंच मला दाखवायचंय. शेरा उद्या संध्याकाळी जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या केंद्रात गेलीच नाही. सरळ कटिंगवाल्याच्या घरी. एक खोली, दाराला आतून तीन कड्या, वरपासून खालपर्यंत. रात्री म्हातारा सुटू नये म्हणून लावलेल्या, आता नुसत्या लोंबत होत्या.

"चला."

"कुठं?"

"कारखान्यात. मी सांगते त्या बाईला."

"बस दुपारी आहे."

"मग चालत चला!"

तो चालायला लागला आणि आत्याला कळलं की हा माणूस चालतो कसा. ना भरभर ना सावकाश, पुढच्या माणसावर नजर ठेवून चालल्यासारखा. पुढं कोणी नव्हतं. तिच्या चपलेचा पट्टा रडायला लागला, दम लागला, आणि दम लागल्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणाला मध्ये तोडता येईना. म्हणून तो बोलत राहिला. वडील कोणत्या टपरीपाशी थांबून वेळ विचारायचे. कोणत्या वळणावर घाबरायचे आणि मागं वळून यालाच विचारायचे, "अहो, मिलचा रस्ता हाच ना?" आणि हा अनोळखी माणसासारखा म्हणायचा, "हाच. मी पण तिकडंच चाललोय."

पूल आला. पूल संपला. समोर मोठं लोखंडी गेट.

"हेच," तो म्हणाला.

"हेच काय?"

"इथेच यायचे ते. पूर्वी इथं सुताची मिल होती, त्यांची. आता खोके करतात. गेट तेच आहे."

आत्या जागच्या जागी उभी राहिली. "तुम्ही रोज इथं यायचात? या गेटवर? आणि काल आत जाऊन हे बोलला नाहीत?"

"काल बस मागच्या गेटनं आत गेली. आणि तुम्ही म्हणाला होतात ना, पुढे नको."

गेटवरचा वॉचमन आत्याकडं बघतही नव्हता. त्याची नजर कटिंगवाल्यावर. मग त्याच्या मागं, रस्त्यावर, कोणीतरी यायचं राहिलंय तसं. "अहो, बरेच दिवस दिसला नाहीत! म्हातारबाबा कुठायत?"

"गेले."

वॉचमननं टोपी काढली, काय करावं कळेना म्हणून परत घातली. "मला वाटलं, दुसऱ्या मुलाकडं नेलं असेल."

"दुसरा नाही हो कोणी. मीच."

माणसं घेणारी बाई आधी भेटायलाच तयार नव्हती. आत्यानं तिच्या दारात असा काही आवाज लावला की मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. शेवटी बाईनं आत घेतलं. आत्या बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत.

"वाक्य माझं. साती जणांना मीच पढवलं. पण मी ते हवेतून नाही आणलं. याच्याकडून घेतलं. याचं खरं आहे. तुमच्या वॉचमनला विचारा."

वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याला रोज मीच परत पाठवायचो. म्हणायचो, आज शिफ्ट रद्द झाली, उद्या या. खूश होऊन परत फिरायचे. हे मागं खांबाला टेकून उभे. उन्हात पण. मी एकदा म्हटलं, घरी बांधून ठेवा की. तर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत."

बाईनं समोरचे कागद बाजूला सरकवले. मग तिनं आत्याकडं बघितलं, खरे मालक बघत नाहीत तसं, नीट. "आणि बाकीचे सहा?"

आत्याला एकच माणूस वाचवायचा होता. तो समोर उभा होता, हात मागं बांधून, मशीनच्या आवाजाकडं कान लावून. त्याचं खरं ठरायचं तर बाकीच्यांपासून त्याला वेगळं काढायला हवं होतं. आणि तिला खात्री होती. जेलवाला तिला माहीत होता, दारूवाला माहीत होता, दुकानवाल्या बापाचा पोरगा माहीत होता.

"बाकीच्यांचं खोटं," ती म्हणाली. "सगळ्यांचं. पण ते माझ्यामुळं बोलले. शेरा लावायचा तर माझ्या नावावर लावा."

बाईनं मान हलवली. कटिंगवाल्याला तिथल्या तिथं मशीनवर उभं केलं. त्यानं ब्लेडला हात लावायच्या आधी खालचा कचरा फुंकून काढला. तेवढ्यावर मशीनवरचा जुना कारागीर म्हणाला, "राहू द्या याला."

येताना आत्या बसनं आली आणि पूर्ण रस्ता उभी राहिली, जागा रिकामी असून.

शेरा तिच्या नावावर काही लागला नाही. तसा रकानाच नव्हता. कारखान्याच्या बाईनं केंद्राला कळवलं की एक उमेदवार घेतला आहे, आणि बाकी सहा जणांनी खोटं सांगितलं याला तुमच्याच माणसानं दुजोरा दिला आहे. साहेबाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं टाळी वाजवली. कटिंगवाल्याच्या नावाचा शेरा टळला, सहांच्या नावापुढं लागला. आत्या त्या दिवशी साहेबाला जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही, पण तळमजल्यावरच्या दुकानात ऐकू गेलं. साहेब म्हणाला, "ताई, तुम्हीच बोललात ना, खोटं म्हणून?"

कटिंगवाला तीन महिने टिकला, पुढंही टिकला. कंपनीला त्याचे पैसे मिळाले. तरी वर्षभरानं काँट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीकडं गेलं. आरसे काढले, साहेब गेला, कपाटं राहिली, आत्या राहिली. सरावात ती अजून खोटी मालकीणच होते. फक्त आता मोबाइल हातात घेत नाही, आणि समोरचा बोलायला लागला की त्याचं पुरतं संपेपर्यंत तोंड उघडत नाही. एकेकाला तास तास लागतो. नवीन साहेब दारात येऊन घड्याळ दाखवतो, ही त्याला पेन दाखवते. तेवढा वेळ तिचा पाय टेबलाखाली थडथड हलत असतो, पण ती उठत नाही. जेलवाला, दारूवाला, सगळ्यांना तिनं शेरा संपल्यावर स्वतः घरी जाऊन परत आणलं. टवाळ तेवढा सापडला नाही. त्यानं खोली बदलली होती. आत्या म्हणते, "गेला असेल कुठंतरी दात काढत. त्याला कुठं काम करायचं होतं?"

ती शाळा सोडलेली पोरगी म्हणजे मी, आता पार्सलं पोचवते. मागच्या महिन्यात एका तिसऱ्या मजल्यावर मोठं खोकं नेलं, वजनाला हलकं, वर लिहिलेलं: मोठ्या माणसांचे डायपर. दार टवाळानं उघडलं. मला ओळखलं, डबा घेऊन यायचे त्यावरून. म्हणाला, "सांगितलं होतं ना तुझ्या आत्याला, मला जास्त मार्क द्या म्हणून." आणि हसला. मागं खाटेवर एक म्हातारा पडला होता, कुशीला उशा लावलेल्या, उशाशी एक घंटी. तो घंटी वाजवत होता आणि टवाळ न बघताच म्हणत होता, "आलो, आलो."

किती दिवस झाले, मी विचारलं.

पाच वर्षं, तो म्हणाला. कारखान्याची ती बस जाऊन मात्र तीनच वर्षं होत आली होती.